पाण्यामागे सरकणारे घर : मच्छीमारांच्या हंगामी वस्तीची आणि होडीची नोंद कशी करावी

नावेतले घर म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर श्रीनगरच्या दल सरोवरातील नक्षीदार हाऊसबोट उभी राहते; परंतु पर्यटकांसाठी सजण्याच्या कितीतरी आधीपासून काश्मीरमधील हांजी समाजाची कुटुंबे डुंगा नावाच्या सपाट तळाच्या नावेत, चटईच्या आडोशाला चूल मांडून राहत आली आहेत. सिंधमधील मंचर सरोवरावर मोहाणा मच्छीमारांची पिढ्यान्‌पिढ्या नावेवरच घरे होती. कंबोडियातील तोनले साप सरोवरात पावसाळ्यात मेकाँगचे पाणी उलटे शिरते, सरोवराचे क्षेत्र सुमारे अडीच हजार चौरस किलोमीटरवरून दहा हजारांच्याही पुढे जाते आणि तेथील मच्छीमारांची तरंगती घरे काठ जसा सरकेल तशी ओढून नेली जातात. खानदेशात अशी घरनाव रुजली नाही, आणि त्याचे कारण तापीच्या स्वभावात आहे. मुलताईला उगम पावून ७२४ किलोमीटर पश्चिमेकडे धावणारी ही नदी पावसाळ्यात एका रात्रीत चढते आणि उन्हाळ्यात ठिकठिकाणी डोहांपुरती उरते. तिचे काठ उंच, मातीचे आणि घळींनी चिरलेले आहेत. अशा नदीत बारा महिने नावेवर संसार करणे शक्य नव्हते.

म्हणून आपल्याकडे घर आणि नाव वेगळी झाली, पण दोघांचे वेळापत्रक मात्र एकच राहिले. होडी पाण्यात, खोप काठावर, आणि पाणी मागे गेले की दोन्ही त्याच्या मागे. एका वृद्ध भोयाने हे मला चार शब्दांत सांगितले होते : “पानी जठे, आपन तठे.” धरणांच्या फुगवट्यावर, म्हणजे भिंतीमागे पसरलेल्या पाण्याच्या काठी, दिवाळीनंतर उभ्या राहणाऱ्या आणि मृगाच्या तोंडावर मोडल्या जाणाऱ्या या वस्त्यांची नोंद कशी करावी, ते पुढे सांगितले आहे. महाविद्यालयातील विद्यार्थी, गावातील शिक्षक आणि विशेषतः मच्छीमार कुटुंबांतील शिकलेली मुले हे काम फारशा खर्चाशिवाय करू शकतात.

प्रारंभी माझीच चूक सांगतो, कारण या पद्धतीतील पहिला नियम तिच्यातून निघाला. एका जानेवारीच्या अखेरीस मी एका धरणाच्या फुगवट्यावरील सात खोपींची वस्ती दोन दिवस खपून मोजली. प्रत्येक मेढ (खोपीचा खांब), प्रत्येक चूल, जाळी वाळत घालण्याच्या काठ्या, सगळे आलेखकागदावर उतरवले आणि मोठ्या समाधानाने घरी आलो. एप्रिलमध्ये राहिलेली मापे घेण्यासाठी तोच कागद घेऊन गेलो, तर तेथे भेगाळलेला गाळ होता आणि त्यावर कोणीतरी काकडी लावली होती. वस्ती जवळजवळ अर्धा किलोमीटर पुढे गेली होती. जुन्या जागी राहिले होते ते चुलीचे काळे पडलेले तीन दगड. माझ्या नकाशात घर होते, पण ते तेथेच का होते हे सांगणारी एकही रेघ नव्हती, कारण पाण्याची कड मी काढलीच नव्हती. तेव्हापासून वहीच्या पानावर सर्वांत वर तारीख, त्याखाली पाण्याची पातळी आणि मगच बाकीचे, असा क्रम मी ठेवला आहे.

जागा निवडताना

खानदेशात पाणी चार प्रकारांनी साचते आणि वस्तीचे रूप त्यावर ठरते. भुसावळजवळील हतनूर धरणाचा फुगवटा उथळ आणि पसरट आहे. ४१ दरवाज्यांच्या या धरणामागे तापी आणि पूर्णा यांचे पाणी एकत्र साठते, दोन्ही नद्या गाळ आणतात, आणि पातळी थोडी जरी उतरली तरी पाण्याची कड दूर जाते. १९६९ साली पूर्ण झालेले गिरणा धरण प्रत्यक्षात नांदगाव तालुक्यात, म्हणजे नाशिक जिल्ह्यात असले तरी त्याच्या पाण्याकडे जळगाव जिल्ह्यातील तालुके डोळे लावून बसलेले असतात. ते दरवर्षी भरतेच असे नाही, त्यामुळे तेथे ‘नेहमीची जागा’ हा शब्द जपून वापरावा लागतो. सुलवाडे, सारंगखेडा, प्रकाशा येथील तापीवरच्या बॅरेजमध्ये पाणी बहुतांशी नदीच्या पात्रातच उभे राहते, म्हणून वस्ती लांब न सरकता त्याच काठावर वर-खाली होते. चौथा प्रकार नंदुरबार जिल्ह्याच्या उत्तर टोकाचा. धडगाव आणि अक्कलकुवा तालुक्यांत नर्मदेवरील सरदार सरोवराचे पाणी सातपुड्याच्या दऱ्यांत शिरले आहे. त्या धरणाचे दरवाजे २०१७ मध्ये बंद झाले आणि २०१९ मध्ये ते प्रथमच १३८.६८ मीटरच्या पूर्ण पातळीपर्यंत भरले. तेथे उतार इतका उभा आहे की पाणी दहा मीटर खाली गेले तरी कड फारशी दूर जात नाही, पण घर मात्र पाण्यापासून एका चढणीवर जाऊन बसते. तेथे बुडालेल्या गावांतील लोकच आज मासेमारी करतात, आणि त्यांच्यासाठी होडी हा धंदाही आहे आणि रस्ताही. तरंगता दवाखानासुद्धा त्याच पाण्यातून गावोगाव जातो. त्या भागाची नोंद करणाऱ्याने विस्थापनाचा विषय टाळून केवळ होडीची लांबी-रुंदी लिहून परत येऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

पहिल्या खेपेला हतनूरसारखा पसरट फुगवटा निवडावा. तेथे बदल डोळ्यांना दिसतो.

जलाशयातील मासेमारीचा हक्क सहसा मच्छीमार सहकारी संस्थेकडे ठेक्याने असतो. त्यामुळे प्रथम संस्थेच्या अध्यक्षांना किंवा सचिवांना भेटून आपण काय करणार आहोत ते सांगावे. त्यांच्याकडून कागद मिळेलच असे नाही, पण ‘धरणावर कोण फिरतंय’ ही शंका मिटते. धरणाची भिंत, दरवाजे आणि त्यांची यंत्रे यांची छायाचित्रे परवानगीशिवाय काढू नयेत. वस्तीवर जाण्याची वेळही महत्त्वाची आहे. पहाटे जाळी उचलली जातात, नंतर मासे सोडवणे, निवडणे, वजन करणे आणि ते व्यापाऱ्याच्या गाडीत घालणे चालते. या वेळी वही घेऊन मध्ये उभे राहणारा मनुष्य कोणालाच नको असतो. दहा-साडेदहानंतर जाळी विणण्या-दुरुस्तीची निवांत वेळ येते. बोलावताना ‘आप्पा’, ‘नाना’, ‘जिभाऊ’, ‘मावशी’ असे साधे नाते लावावे. साहेबी थाट केला की उत्तरेही साहेबांना द्यावीत तशीच मिळतात.

सोबत ३० मीटरची मोजपट्टी, ५ मीटरची लहान पट्टी, मजबूत दोरी, गवंडी वापरतात ती पारदर्शक पाण्याची नळी, ओळंबा, दोन सरळ काठ्या, आलेखकागद, शिसपेन्सिल आणि होकायंत्र एवढे पुरे. शाईचे पेन नेऊ नये, कारण ओल्या बोटांनी पान फिसकटते. स्थाननिश्चिती मोबाईलवर होते. एप्रिलनंतर या भागात पारा ४५ अंशांच्या वर जातो आणि उघड्या गाळावर सावली नसते, म्हणून पाणी आणि डोक्याला उपरणे विसरू नये.

पाण्याची पातळी

धरणातील पातळी पाटबंधारे खात्याकडे रोज नोंदली जाते आणि स्थानिक वृत्तपत्रांतही अनेकदा छापून येते. भेटीच्या दिवसाचा तो आकडा मिळवावा. पण त्यावर थांबू नये, कारण आपल्याला धरणाची नव्हे, या एका खोपीच्या दारापुढची गोष्ट हवी आहे.

पाण्याच्या कडेपासून खोपीच्या उंबऱ्यापर्यंतचे अंतर मोजपट्टीने घ्यावे. उंबरा पाण्यापेक्षा किती उंच आहे हे गवंड्याच्या नळीने काढता येते. नळी पाण्याने भरावी आणि आत बुडबुडा राहणार नाही याची खात्री करावी, कारण एक बुडबुडा सगळे माप बिघडवतो. एका माणसाने नळीचे एक टोक पाण्याच्या कडेवर उभ्या केलेल्या काठीला धरावे, दुसऱ्याने दुसरे टोक वरच्या बाजूला काही मीटरवर उभ्या केलेल्या काठीला धरावे. दोन्ही टोकांतील पाणी स्थिर झाले की त्याची पातळी दोन्ही काठ्यांवर खुणेने दाखवावी आणि प्रत्येक काठीवर जमिनीपासून खुणेपर्यंतची उंची मोजावी. खालच्या काठीवरील उंचीतून वरच्या काठीवरील उंची वजा केली की त्या टप्प्याचा चढ मिळतो. मग खालची काठी उचलून पुढे न्यावी आणि असे टप्प्याटप्प्याने उंबऱ्यापर्यंत जावे. दोन माणसांना पाऊण तास लागतो.

समजा उंबरा पाण्यापेक्षा १.४० मीटर उंच निघाला आणि अंतर ७० मीटर भरले. म्हणजे उतार ५० मीटरला १ मीटर असा आहे, आणि पाणी आणखी एक मीटर उतरले की कड सुमारे ५० मीटर दूर जाईल. आता त्या घरातील माणसाला विचारावे की पाणी किती लांब गेले म्हणजे तुम्ही खोप उचलता. बहुधा उत्तर मीटरमध्ये येत नाही. मोटार, जाळी आणि माशांची टोपली डोक्यावरून वाहून नेण्याचा कंटाळा कधी येतो, यावर ते ठरते. “पोरगं हाक मारल्यावर ऐकू आलं नाही की,” असे मला एकदा उत्तर मिळाले, आणि दुसऱ्या दिवशी मी हाकेचे ते अंतर खरोखर मोजले.

पाणी कोणत्याही पातळीला असले तरी न हलणारी एक खूण प्रत्येक नकाशात असली पाहिजे. पुलाचा खांब, विजेचा मनोरा, घाटाची पायरी यांपैकी काहीही चालेल. तापी-पूर्णेच्या संगमाजवळ चांगदेवाचे पुरातन मंदिर आहे, मुडावदला पांझरेच्या संगमावर कपिलेश्वराचे आणि प्रकाशाला केदारेश्वराचे मंदिर आहे. अशा ठिकाणी मंदिराचे शिखर दुरून दिसत असल्याने दिशा घेण्यास सोपे जाते. झाड मात्र खूण म्हणून धरू नये. पुढच्या खेपेला ते तोडलेले असते.

खोप मोजताना

खोपीचा आकार क्वचितच काटकोनी असतो, त्यामुळे लांबी गुणिले रुंदी लिहून भागत नाही. जमिनीवर दोन खुंट्या ठोकाव्यात, त्यांच्यातील अंतर मोजावे आणि मग प्रत्येक मेढीचे अंतर दोन्ही खुंट्यांपासून घ्यावे. घरी कागदावर कंपासने दोन कंस काढले की जेथे ते छेदतात तेथे ती मेढ. एका खोपीसाठी २० सेंटिमीटरला १ सेंटिमीटर हे प्रमाण सोयीचे पडते. संपूर्ण वस्तीसाठी २ मीटरला १ सेंटिमीटर घ्यावे.

प्रत्येक भागाजवळ तो कशाचा आहे, तो कोठून आला आणि पुढे त्याचे काय होणार, ह्या तीन गोष्टी लिहाव्यात. तिसरी गोष्ट बहुतेक लोक विसरतात आणि हंगामी घराचे मर्म नेमके तीत आहे. मेढी आणि आढे दरवर्षी तेच असतात, ते गावातल्या घराच्या पडवीत ठेवले जातात. कुडाला लावलेल्या पऱ्हाट्या (कापसाच्या काड्या) आणि तुराट्या (तुरीच्या काड्या) जवळच्या शेतातून येतात आणि हंगाम संपता संपता चुलीत जातात. रावेर-यावलच्या केळीच्या पट्ट्यात वाळलेल्या केळीच्या पानांचा आडोसा दिसतो. वरची ताडपत्री मात्र विकत आणलेली, आणि पुष्कळदा तिच्यावर एखाद्या खताच्या किंवा बियाण्याच्या कंपनीचे नाव उलटे दिसत असते. छायाचित्रात तेही येऊ द्यावे.

आत गेल्यावर प्रथम चूल कोणत्या बाजूला आहे ते पाहावे आणि वारा कोणत्या दिशेने येतो ते विचारावे. धुराचा, वाऱ्याचा आणि दाराचा संबंध समजला की बाकीची मांडणी आपोआप उलगडते. मी पाहिलेल्या एका खोपीत पाण्याकडच्या कुडाला मुद्दाम हातभर फट ठेवलेली होती. ती खिडकी असावी असे मला वाटले, पण तेथल्या बाईंनी सांगितले की रात्री पडल्या पडल्या होडीवरचा दिवा दिसावा म्हणून ती ठेवली आहे. त्या फटीची उंची मी जमिनीपासून ४० सेंटिमीटर मोजली. उभ्या माणसाला तिचा काही उपयोग नव्हता. निजलेल्या माणसाच्या डोळ्यांसाठी ती बरोबर होती.

खोपीच्या बाहेरही घर असते. जाळी वाळवण्याच्या काठ्या, सुकट घालण्याची माची, बकरीची खुंटी आणि विशेषतः झिरा यांची नोंद राहून जाते. झिरा म्हणजे पाण्याच्या कडेपासून थोडे मागे रेतीत खणलेला खड्डा, ज्यात गाळून आलेले स्वच्छ पाणी पिण्यासाठी जमते. त्याची खोली, कडेपासूनचे अंतर, तो किती दिवसांनी उपसावा लागतो हे विचारून घ्यावे. निव्वळ गाळाच्या जमिनीत झिरा लागत नाही, म्हणून काही वस्त्यांची जागा मासे कोठे आहेत यावर नव्हे तर रेती कोठे आहे यावर ठरलेली असते. प्लास्टिकचे ड्रम आणि विकतचे जार आल्यापासून ही अट सुटत चालली आहे.

होडी मोजताना

होडी पाण्यात असताना मोजू नये. काठावर ओढलेली असताना, शक्यतो पालथी करण्याआधी आणि नंतर अशी दोनदा मोजावी. पुढच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंत मधोमध दोरी ताणून बांधावी. दोरीवर दर ३० सेंटिमीटरला खूण करावी आणि प्रत्येक खुणेपासून डाव्या काठापर्यंतचे, उजव्या काठापर्यंतचे आणि ओळंब्याने खाली तळापर्यंतचे अंतर घ्यावे. डावी-उजवी मापे वेगळी लिहावीत, कारण वापरलेली होडी दोन्हीकडे सारखी कधीच नसते. वल्हे मारणारा नेहमी ज्या बाजूला बसतो ती बाजू थोडी पसरलेली असते. ४.८ मीटरच्या होडीला अशी १७ ठिकाणे येतात, आणि ही मापे कागदावर जोडली की होडीचा घाट जसाच्या तसा उतरतो. त्यानंतर फळ्यांचे सांधे, खिळे, पत्र्याची ठिगळे आणि डांबराचे थर पाहावेत. कोणते ठिगळ कोणत्या वर्षीचे हे मालकाला पक्के आठवते. लाकूड ओळखता येत नसेल तर अंदाजाने सागवान लिहून टाकू नये, विचारावे. या भागात अंजनासारखी कठीण लाकडेही वापरात आहेत.

आता एक तक्रार. जुन्या वस्तू जमवणाऱ्यांना लाकडी होडी तेवढी हवी असते. एका संग्रहासाठी मी पाठवलेल्या नोंदींतून पत्र्याची होडी, ट्रकच्या हवा भरलेल्या ट्यूबवर बांधलेली फळी आणि थर्माकोलचा तराफा यांची पाने ‘पारंपरिक नाही’ म्हणून परत आली होती. वाळलेल्या भोपळ्यांची सांगड बांधून त्यावर पोट टेकून नदीत उतरण्याची रीत जुनी आहे, तिचे कौतुकही होते. परंतु भोपळ्याच्या जागी ट्यूब आली तेव्हा बदलली ती वस्तू, बांधण्याची गाठ आणि बसण्याची तऱ्हा पुष्कळदा तीच राहिली. म्हणून थर्माकोलच्या तराफ्याचेही त्याच काळजीने माप घ्यावे : ठोकळे किती, त्यांवर गोणपाट की जाळी, दोरी कोणती, किती वजन झेपते आणि किती महिन्यांत तो झिजून जातो. आणखी पन्नास वर्षांनी हीच नोंद दुर्मिळ ठरेल, कारण थर्माकोल कोणी जपून ठेवत नाही.

ज्या होडीत रात्री निजतात तिची वेगळी नोंद करावी. थंडीत लांबवर लावलेल्या जाळ्यांवर राखण करताना एक-दोघे होडीतच रात्र काढतात, आणि हेच आपल्याकडचे घरनावेच्या सर्वांत जवळचे रूप आहे. अंथरूण कोठे, शेगडी असल्यास ती कशावर ठेवतात, पाय कोणत्या बाजूला, वर ताडपत्री कशी अडकवतात, हे मालकालाच होडीत आडवे होऊन दाखवायला सांगावे. लाजत का होईना, दाखवतात. त्याचे शरीर आणि होडीची रुंदी एकाच छायाचित्रात आली की पानभर वर्णनाची गरज उरत नाही.

आपण स्वतः होडीत बसणार असू तर जीवरक्षक जॅकेट घालावे आणि दुपारनंतर मोठ्या फुगवट्यात जाऊ नये. वारा उठला की उथळ पाण्यातही लाटा होतात. धरणाच्या खालच्या बाजूला पात्रात काम करताना पाणी सोडण्याचा इशारा झाला की मोजपट्टी तेथेच टाकून काठ चढावा.

शब्द आणि आठवणी

वस्तूच्या चित्राशेजारी तिचे नाव तेथील माणसाच्या उच्चारानेच लिहावे. भुसावळ-यावलकडे तावडी आणि लेवा बोली, धुळे-शिंदखेड्याकडे अहिराणी, शहादा-तळोद्याकडे गुजरी आणि भिली, धडगावकडे पावरी. एकाच जाळ्याला दोन काठांवर दोन नावे असणे अगदी शक्य आहे. प्रमाण मराठीत ‘दुरुस्त’ करून लिहिलेला शब्द पुढच्या अभ्यासकाच्या काही उपयोगाचा नसतो. ध्वनिमुद्रण करण्यापूर्वी विचारावे, आणि झाल्यावर त्यातील थोडा भाग त्यांना ऐकवावा. आपलाच आवाज ऐकून माणूस हसतो आणि मग खरे बोलणे सुरू होते. मोजमापेही त्यांचीच घ्यावीत. जाळे किती ‘हात’, फासा किती ‘बोटे’, डोह किती ‘परस’ (माणसाच्या उंचीवरचे खोलीचे माप) हे लिहून त्या माणसाचा हात आणि बोट प्रत्यक्ष मोजून बाजूला सेंटिमीटर लिहावेत. मरळ आणि वाम यांच्यासाठी वेगळी जाळी वा गळ असेल तर त्यांची नोंद माशाच्या नावासह करावी. परंतु कोणत्या डोहात काय सापडते ही धंद्याची गोष्ट आहे, ती छापू नये.

जुन्या गोष्टींचे साल विचारले की लोक गोंधळतात. त्याऐवजी सर्वांना ठाऊक असलेल्या घटनांच्या आधीचे की नंतरचे, असे विचारावे. हतनूरचे पाणी अडण्याआधी, म्हणजे १९८२ पूर्वी. ७२ च्या दुष्काळाआधी. त्याच १९७२ साली झालेल्या उकाई धरणाचे पाणी नवापूरच्या बाजूला चढले त्यानंतर. अशा तीन-चार खुणांच्या मध्ये बहुतेक आठवणी बसतात. जुने कागद पाहायचे असल्यास लक्षात ठेवावे की खानदेश हा १९०६ पर्यंत एकच जिल्हा होता, नंतर त्याचे पूर्व आणि पश्चिम खानदेश झाले, आणि नंदुरबार जिल्हा तर १९९८ मध्ये वेगळा झाला. त्यामुळे प्रकाशाचा एखादा कागद धुळ्याच्या किंवा पश्चिम खानदेशच्या नावाखाली सापडतो. १८८० साली प्रसिद्ध झालेले खानदेशचे गॅझेटिअर पहिल्या ओळखीसाठी चांगले आहे, पण त्यातील जातींविषयीची विधाने परक्या अधिकाऱ्यांच्या नजरेतली आहेत हे विसरून ती उतरवून घेऊ नयेत.

बायकांशी बोलणे राहून जाते, कारण वही घेऊन गेलेल्या पाहुण्यापुढे पुरुषच बसतात. होडी कोण चालवतो हे पुरुष सांगतील. वस्ती कधी हलवायची, मुलांना शाळेसाठी गावात कोणाकडे ठेवायचे, मासे कोणत्या बाजारात कोणत्या भावाने जातात, हे मात्र बहुधा घरातली बाई सांगते. मी आता दोन भेटींपैकी एक भेट केवळ त्यांच्यासाठी ठेवतो, आणि माझी पत्नी सोबत असेल तर ती मला बाहेर बसवते.

वर्षाचा तक्ता

एका भेटीत हे काम होत नाही. किमान चार खेपा कराव्यात, आणि त्यांच्या तारखा इंग्रजी महिन्यांपेक्षा सणांवर ठरवणे सोयीचे, कारण वस्तीही त्यावरच चालते. पहिली खेप दिवाळीनंतर, खोपी उभ्या राहत असताना. दुसरी मार्गशीर्षात, दत्तजयंतीच्या सुमारास; सारंगखेड्याला एकमुखी दत्ताची यात्रा आणि घोड्यांचा बाजार भरतो, काठावरच्या लोकांची तेथे ये-जा असते, आणि थंडीमुळे होडीतल्या मुक्कामाची नोंद याच वेळी मिळते. तिसरी आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आधी, जेव्हा पाणी बरेच उतरलेले असते आणि रिकाम्या झालेल्या पात्रात टरबूज-डांगराच्या वाड्या पिकलेल्या असतात. अनेक भोई कुटुंबे मासे आणि वाडी दोन्ही सांभाळतात, तेव्हा एकाच खोपीतून दोन धंदे कसे चालतात ते पाहावे. आखाजीच्या दिवशी मात्र जाऊ नये, सासुरवाशिणी माहेरी आलेल्या असतात आणि वस्ती ओस असते. प्रत्येक खेपेला त्याच न हलणाऱ्या खुणेपासून पाण्याची कड आणि खोपीची जागा नव्या रंगाने त्याच नकाशावर काढावी.

नोंदींच्या तीन प्रती कराव्यात. एक वस्तीतील कुटुंबाला, एक गावच्या शाळेला किंवा मच्छीमार संस्थेला, आणि एक बाहेर कोठेतरी सुरक्षित. धुळ्याचे राजवाडे संशोधन मंडळ १९२७ पासून खानदेशच्या इतिहासाचे कागद सांभाळत आले आहे, तेथे किंवा जळगावच्या विद्यापीठात चौकशी करावी. माणसांची नावे आणि चेहरे छापण्यापूर्वी पुन्हा विचारावे. ज्याचा अख्खा दिवस आपण घेतला त्याची त्या दिवसाची मजुरी भरून देणे योग्य होय. चहा-बिस्किटांवर भागवू नये.

चौथी खेप मृगाच्या तोंडावर, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्यात करावी आणि ती चुकवू नये. वस्ती मोडताना कोणती वस्तू आधी निघते आणि कोणती शेवटी, याचा क्रम मिनिटांसह लिहावा. मी पाहिले त्या वेळी प्रथम जाळी निघाली, मग ताडपत्री, मग भांडी, आणि मेढी सर्वांत शेवटी. कुडाच्या पऱ्हाट्यांवर त्या दुपारचा शेवटचा चहा झाला. चुलीचे तीन दगड कोणी उचलले नाहीत. त्या दगडांची जागा मोबाईलवर नोंदवून घ्यावी आणि न हलणाऱ्या खुणेपासूनचे अंतर वहीत लिहावे. पाणी चढल्यावर ते बुडतात, आणि पुन्हा उतरू लागले की ते दगड उघडे पडण्याचा दिवस पाहून त्या घरातली माणसे नव्या हंगामातील शेवटच्या सरकण्याचा दिवस ठरवतात.